मान वर काढायला सवड हवी

'मान मोडून काम करणे' हा वाक्प्रचार मराठीत कौतुकाने वापरला जातो. कामाचा रेटा वाढला, की 'मान वर काढायलाही सवड नाही' असे म्हटले जाते. संगणक आणि मोबाइलच्या वापरामुळे हे दोन्ही वाक्प्रचार आता शब्दशः खरे ठरू लागले आहेत. सकाळी लोकलच्या गर्दीत मोबाइलवर खिळलेली नजर, दिवसभर कार्यालयात संगणकाचा पडदा, परतीच्या प्रवासात पुन्हा मोबाइल आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही तोच! या साऱ्या काळात मान जवळजवळ एकाच स्थितीत राहते. मग एखाद्या सकाळी मान वळेनाशी होते, खांदे भरून येतात, डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका लागतो आणि 'स्पाँडिलायटिस तर झाला नाही ना,' या धास्तीने माणूस हवालदिल होतो.

मानदुखी हे काही मोजक्या लोकांचे दुखणे नाही. २०२० साली जगभरात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखीचा त्रास होता, असा अंदाज जागतिक रोगभाराच्या अभ्यासात मांडण्यात आला आहे. दिलासा देणारी बाब अशी, की यातील बहुतेक दुखणी गंभीर नसतात आणि साध्या उपायांनी काही आठवड्यांत आटोक्यात येतात. मात्र सवयी न बदलल्यास हे दुखणे पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

मानेवर भार कसा येतो?

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. हा भार मानेतील ७ मणके, त्यांच्यामधील चकत्या आणि भोवतालचे स्नायू पेलतात. डोके ताठ असते तेव्हा त्याचा बराचसा भार मणक्यांवर सरळ उतरतो. डोके पुढे झुकले, की ते सावरून धरण्यासाठी मानेच्या मागच्या स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. पाण्याने भरलेली बादली अंगालगत धरली तर फारशी जड वाटत नाही. तीच हात लांब करून धरली तर क्षणात हात भरून येतो. मानेचेही तसेच आहे.

मान ६० अंशांत झुकली, की मणक्यांवर सुमारे २७ किलो भार पडतो, हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. तो अमेरिकेतील एका शल्यविशारदाने २०१४ साली संगणकीय प्रारूपाच्या आधारे काढला होता. जिवंत माणसांच्या मानेवर केलेले ते मोजमाप नव्हे. पुढे २०१८ साली ब्राझीलमध्ये १८ ते २१ वर्षे वयाच्या १५० तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोबाइल पाहतानाची मानेची ठेवण आणि मानदुखी यांचा थेट संबंध आढळला नाही.

याचा अर्थ मोबाइल निर्दोष आहे असा नाही. मान झुकवणे हेच घातक असते, तर तांदूळ निवडणाऱ्या गृहिणीला, शिंप्याला किंवा सोनाराला मान कधीच सरळ करता आली नसती. मान झुकण्यासाठीच घडलेली आहे. तासन् तास तशीच राहण्यासाठी मात्र नाही. एकाच स्थितीत सतत ताणलेले स्नायू थकतात, आखडतात आणि दुखू लागतात. त्यात अपुरी झोप, मानसिक ताण आणि व्यायामाचा अभाव यांची भर पडली, की दुखणे बळावते. म्हणूनच 'आदर्श बैठक' शोधण्यापेक्षा बैठक वरचेवर बदलणे अधिक महत्त्वाचे ठरते.

बैठक आणि पडदा

अर्थात, मुळात बैठकच अवघड असेल तर स्नायू लवकर थकतात. संगणकाच्या पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि पडदा साधारण हातभर अंतरावर, चेहऱ्यासमोर असावा. बाजूला ठेवलेल्या पडद्याकडे दिवसभर मान वळवून पाहणे टाळावे. दुहेरी किंवा बहुकेंद्री भिंगांचा चष्मा वापरणाऱ्यांना खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते. त्यांनी पडदा आणखी थोडा खाली घ्यावा.

खुर्चीत पाठीला आधार मिळावा, कोपर शरीरालगत राहावे आणि पावले जमिनीवर टेकावीत. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवावा. लॅपटॉपची अडचण अशी, की पडदा योग्य उंचीवर घेतला तर कळफलक उंच होतो आणि कळफलक योग्य जागी ठेवला तर मान झुकते. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करताना असंख्य लोकांना याचा अनुभव आला. त्यावर उपाय सोपा आहे: जाडजूड पुस्तकांची चळत रचून लॅपटॉप उंच ठेवावा आणि कळफलक व माऊस वेगळे जोडावेत. पलंगावर लोळून, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करणे शक्यतो टाळावे.

दर अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे उठावे. पाण्याची बाटली मुद्दाम दूर ठेवावी, दूरध्वनीवर उभे राहून बोलावे, सहकाऱ्याला निरोप टंकण्याऐवजी त्याच्या टेबलापर्यंत जावे. अशी दोन मिनिटे म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे वरिष्ठांनीही ध्यानात घ्यायला हवे. हिशेब चुकता करण्याच्या घाईत उठण्याची मुभाच नसेल, तर महागडी खुर्चीही उपयोगाची ठरत नाही.

मोबाइल वापरताना

मोबाइल मांडीवरून छातीच्या उंचीवर आणावा. एका हाताने दुसऱ्या कोपराला आधार दिला, तर हात दुखत नाही आणि मान कमी झुकते. मान वाकवण्याऐवजी नजर खाली न्यावी. लांबलचक मजकूर टंकण्यापेक्षा तो बोलून पाठवावा. कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाइल दाबून बोलण्याची सवय मानेला फार त्रासदायक ठरते. दुचाकी चालवताना असे करणे तर मानेबरोबरच जिवावरही बेतू शकते.

दोन मिनिटांचा व्यायाम

ताठ बसून नजर समोर ठेवावी आणि हनुवटी सरळ मागे घ्यावी. पाच सेकंद थांबून सैल सोडावी. मान सावकाश उजवीकडे, मग डावीकडे वळवावी. कान खांद्याकडे झुकवावा, मात्र खांदा वर उचलू नये. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे ओढून धरावीत. प्रत्येक प्रकार पाच ते दहा वेळा, झटका न देता करावा. हलका ताण जाणवणे ठीक. कळ आल्यास थांबावे.

स्नायूंचे बळ वाढवणेही तितकेच आवश्यक आहे. डेन्मार्कमध्ये मान व खांदेदुखीचा वारंवार त्रास असलेल्या १९८ प्रौढांवर झालेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. रबरी नळी ताणून दररोज दोन मिनिटे खांद्यांचा व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे १० आठवड्यांत कमी झाले. बारा मिनिटे व्यायाम करणाऱ्यांनाही असाच लाभ झाला. 'वेळ नाही' ही सबब त्यामुळे टिकत नाही.

दुखू लागल्यास

मान धरल्यास गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटे शेक घ्यावा. पिशवी कापडात गुंडाळावी. दुखण्याच्या भीतीने मान पूर्ण स्थिर ठेवू नये, सोसेल तितकी हलवत राहावे. उशी फार उंच किंवा अगदी चपटी नसावी आणि पोटावर झोपणे टाळावे. गळपट्टा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसेंदिवस वापरू नये, कारण त्याने स्नायू दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्याही मनाने सतत घेऊ नयेत. केस कापल्यानंतर केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची प्रथा तर सोडूनच द्यावी. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. हे क्वचितच घडते, परंतु परिणाम भयंकर असतो.

क्ष-किरण किंवा एमआरआय तपासणीच्या अहवालानेही खचून जाऊ नये. जपानमध्ये मानेचा कोणताही त्रास नसलेल्या १२११ व्यक्तींची एमआरआय तपासणी करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. वयानुसार केस पिकतात, तसेच मणक्यांतही बदल होतात. प्रत्येक बदल म्हणजे आजार नव्हे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दुखणे काही आठवड्यांत कमी झाले नाही किंवा वेदना हातात उतरू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. हाताला बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे, वस्तू हातातून निसटणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही मज्जातंतू किंवा मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. त्यात विलंब करू नये. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, मान ताठरून ताप व तीव्र डोकेदुखी, विनाकारण वजन घटणे, तसेच अचानक उठलेली असह्य मानदुखी आणि तिच्यासोबत चक्कर किंवा बोलण्यात अडखळणे यांतही तातडीने उपचार हवेत. मान व डाव्या हाताच्या वेदनेबरोबर छातीत दडपण आणि घाम आल्यास ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते, हे विसरू नये.

मोबाइल आणि संगणक यांपासून आता सुटका नाही, आणि त्याची गरजही नाही. दिवसभरातून अधूनमधून मान वर काढून खिडकीबाहेर पाहायला, दोन पावले चालायला फारसा खर्च येत नाही. कामासाठी मान मोडण्याची वेळ येण्यापूर्वी तेवढी सवड काढलेली बरी.