मतदारसंवाद आणि निवडणूक चिन्ह

मतदारसंवाद म्हणजे राजकीय पक्षाने आपली भूमिका, आपला उमेदवार आणि आपली ओळखखूण मतदारापर्यंत पोहोचविण्याची प्रक्रिया होय. जाहीरनामा, सभा, पदयात्रा, घरभेटी, भिंतीवरील जाहिराती, ध्वनिफिती आणि समाजमाध्यमे ही तिची प्रमुख साधने आहेत. भारतात या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा म्हणजे मतदान यंत्रावरील चिन्ह. पक्षाचे म्हणणे मतदाराला पटले, पण यंत्रासमोर उभे राहिल्यावर त्याला अपेक्षित चिन्ह ओळखता आले नाही, तर तोपर्यंतचा सर्व संवाद निष्फळ ठरतो. पक्षाचे चिन्ह बदलते तेव्हा हा धोका वाढतो. २०२४ च्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्रात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि ‘ट्रम्पेट’ या दोन चिन्हांच्या साधर्म्यामुळे हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरी ज्या घनसावंगी विधानसभा मतदारसंघात येते, तेथील निकाल या संदर्भात विशेष अभ्यासनीय आहे.

चिन्हव्यवस्थेची पार्श्वभूमी

१९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. त्यामुळे प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावण्यात आले. पुढे एकाच मतपत्रिकेवर सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे छापण्याची पद्धत रूढ झाली आणि नंतर मतपत्रिकेची जागा मतदान यंत्राने घेतली. साधने बदलली, पण चिन्हाचे महत्त्व टिकून राहिले.

निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, १९६८ नुसार मान्यताप्राप्त पक्षांना राखीव चिन्ह मिळते. अपक्ष व इतर उमेदवारांना मुक्त चिन्हांच्या यादीतून चिन्ह दिले जाते. पक्षात फूट पडल्यास मूळ चिन्ह कोणाचे, याचा निर्णय याच आदेशाच्या परिच्छेद १५ खाली निवडणूक आयोग करतो. चिन्हबदल हा भारतीय राजकारणात नवा नाही. काँग्रेसने बैलजोडी, गाय-वासरू आणि हात असा प्रवास केला. जनसंघाच्या दिव्याची परंपरा सांगणाऱ्या भारतीय जनता पक्षाने १९८० मध्ये कमळ स्वीकारले. प्रत्येक वेळी नव्या चिन्हाची ओळख घरोघरी पोहोचविण्याचे काम कार्यकर्त्यांना नव्याने करावे लागले.

महाराष्ट्रातील चिन्हबदल, २०२२–२०२४

८ ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने शिवसेनेचे धनुष्यबाण हे चिन्ह गोठविले. उद्धव ठाकरे यांच्या गटाला मशाल, तर एकनाथ शिंदे यांच्या गटाला ढाल-तलवार हे चिन्ह मिळाले. १७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेले.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या गटाला दिले. शरद पवार यांच्या गटाला ‘नॅशनलिस्ट काँग्रेस पार्टी – शरदचंद्र पवार’ हे नाव मिळाले आणि २२ फेब्रुवारीला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह देण्यात आले. २४ फेब्रुवारीला रायगडावर त्याचे अनावरण झाले. लोकसभेच्या मतदानाला तेव्हा दोन महिन्यांहूनही कमी अवधी उरला होता.

तीर्थपुरी आणि घनसावंगी मतदारसंघ

तीर्थपुरी हे घनसावंगी तालुक्यातील गाव असून तेथे नगरपंचायत आहे. डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ मध्ये दोन टप्प्यांत झालेल्या राज्यातील नगरपंचायत निवडणुकांत तेथेही मतदान झाले. हा परिसर लोकसभेसाठी परभणी मतदारसंघाला, तर विधानसभेसाठी घनसावंगी मतदारसंघाला जोडलेला आहे. जिल्हा जालना, पण लोकसभा मतदारसंघ परभणी, अशी ही रचना आहे.

या रचनेमुळे २०२४ मध्ये तीर्थपुरीच्या मतदारासमोर काही महिन्यांच्या अंतराने वेगवेगळी चिन्हे आली. २६ एप्रिलच्या लोकसभा मतदानात महाविकास आघाडीचे उमेदवार संजय जाधव यांचे चिन्ह मशाल होते, तर महायुतीचे महादेव जानकर शिट्टी या चिन्हावर लढत होते. २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानात महाविकास आघाडीचे राजेश टोपे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते आणि महायुतीचे हिकमत उढाण यांचे धनुष्यबाण. म्हणजे एकाच आघाडीला दोनदा मत देऊ इच्छिणाऱ्या मतदाराला, तो कोणत्याही बाजूचा असला तरी, सात महिन्यांत दोन वेगळी चिन्हे लक्षात ठेवावी लागली.

टोपे आणि उढाण २०१९ मध्येही समोरासमोर होते. तेव्हा टोपे घड्याळावर व उढाण धनुष्यबाणावर लढले आणि टोपे ३,४०९ मतांनी विजयी झाले. १९९९ पासून सलग पाच विधानसभा निवडणुका टोपे यांनी घड्याळ या चिन्हावर जिंकल्या होत्या. २०२४ मध्ये उढाण यांचे चिन्ह तेच राहिले, टोपे यांचे मात्र बदलले. पाव शतक एका चिन्हाशी जोडलेल्या उमेदवाराला नव्या चिन्हाची ओळख करून द्यावी लागली, हे या लढतीचे वैशिष्ट्य होते.

तुतारी आणि ट्रम्पेट

‘ट्रम्पेट’ हे मुक्त चिन्हांच्या यादीतील एक चिन्ह होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्याचे मराठी नाव ‘तुतारी’ असे दिले गेले. सामान्य बोलीत त्याला ‘पिपाणी’ही म्हटले गेले. शरद पवार गटाच्या चिन्हात तुतारी फुंकणारा माणूस आहे. दुसऱ्या चिन्हात केवळ वाद्य आहे. चित्र म्हणून दोन्ही वेगळी असली, तरी ‘तुतारी’ हा शब्द दोन्हींना लागू पडत होता.

सातारा मतदारसंघात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पराभूत झाले. तेथे ट्रम्पेट चिन्हावरील अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. दिंडोरीत याच चिन्हावरील अपक्षाला १,०३,६३२ मते पडली. त्याचे आडनाव पक्षाचे उमेदवार भास्कर भगरे यांच्या आडनावासारखेच होते. भगरे विजयी झाले, पण या आकड्यांनी पक्षाला सावध केले. पक्षाने आयोगाकडे तक्रार केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पक्षाच्या चिन्हाचे चित्र अधिक ठळक करण्याची मागणी आयोगाने मान्य केली. ट्रम्पेट गोठविण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही.

विधानसभेचा निकाल

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर झालेल्या निकालात घनसावंगीत हिकमत उढाण यांना ९८,४९६ आणि राजेश टोपे यांना ९६,१८७ मते मिळाली. फरक २,३०९ मतांचा होता. ट्रम्पेट चिन्हावरील अपक्ष उमेदवाराला ४,८३० मते पडली. जिंतूर मतदारसंघात विजय भांबळे ४,५१६ मतांनी पराभूत झाले; तेथे याच चिन्हावर ७,४३० मते पडली. लोकसभेला दहापैकी आठ जागा जिंकणाऱ्या पक्षाला विधानसभेत केवळ दहा जागा मिळाल्या.

हे आकडे वाचताना सावधगिरी आवश्यक आहे. मतदान गुप्त असल्यामुळे ट्रम्पेटला पडलेल्या मतांपैकी किती मते संभ्रमातून पडली, हे मोजता येत नाही. अपक्षाचे स्वतःचे समर्थक असू शकतात. घनसावंगीतील लढत बहुरंगी होती आणि मराठा आरक्षण आंदोलन, शेतीमालाचे भाव, महिलांसाठीच्या योजना असे अनेक विषय प्रचारात होते. त्यामुळे केवळ चिन्हसाधर्म्यामुळे निकाल बदलला, असा निष्कर्ष काढता येत नाही. मात्र अटीतटीच्या लढतीत संभ्रमाची थोडी मतेही निर्णायक ठरण्याइतका फरक कमी होता, एवढे निश्चित म्हणता येते.

संदेशातील उणीव

या प्रकरणाकडे केवळ चिन्हवाटपाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. त्याला पक्षाच्या संदेशाचीही बाजू आहे. अधिकृत नाव ‘तुतारी वाजवणारा माणूस’ असे तीन शब्दांइतके लांब होते. प्रचारात ते साहजिकच ‘तुतारी’ असे आखूड झाले. ‘राम कृष्ण हरी, वाजवा तुतारी’ ही घोषणा वारकरी परंपरेशी नाते सांगणारी, तालबद्ध आणि लक्षात राहणारी होती. म्हणूनच ती गावोगावी पोहोचली. परंतु दोन चिन्हांना वेगळे करणारा घटक, म्हणजे माणूस, या घोषणेत नव्हता. मतदाराने घोषणा तंतोतंत लक्षात ठेवली आणि यंत्रावर तुतारी शोधली, तर त्याला माणसाविना असलेले वाद्य अधिक जुळणारे वाटण्याची शक्यता होती. लक्षात राहणारा संदेश आणि योग्य बटणापर्यंत नेणारा संदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसते.

हा संभ्रम मतदाराच्या अज्ञानाचे लक्षण मानणे योग्य नाही. मतदान कक्षातील वेळ थोडा असतो, उमेदवारांची यादी लांब असते आणि वयस्कर मतदाराची दृष्टी अधू असू शकते. ऐकलेल्या शब्दाचे चित्र शोधणे ही स्वाभाविक कृती आहे. संदेश स्पष्ट ठेवण्याची जबाबदारी तो देणाऱ्यावर असते.

मतदारसंवाद सुधारण्याचे मार्ग

वेगळेपणावर भर: चिन्हाचे आखूड नाव ठरविताना ते दुसऱ्या कोणत्याही चिन्हाला लागू पडणार नाही, हे पाहावे लागते. वरील उदाहरणात ‘तुतारीवाला माणूस’ किंवा ‘माणूस पाहा, मग बटण दाबा’ अशा स्वरूपाची सूचना फरक थेट दाखवू शकली असती.

क्रमांक, छायाचित्र व चिन्ह एकत्र: यंत्रावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव, छायाचित्र आणि चिन्ह असते. १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत उमेदवाराचे छायाचित्र छापले जाते. केवळ चिन्हाऐवजी या सर्व खुणा एकत्र सांगितल्यास एका खुणेबाबतची चूक दुसरीमुळे टळते. यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, नोंदणीकृत पक्षांचे त्यानंतर आणि अपक्ष शेवटी असतात. हा क्रमही समजावून सांगता येतो.

नमुना यंत्राद्वारे सराव: पक्षांना प्लायवूड, लाकूड किंवा प्लास्टिकचे नमुना यंत्र वापरता येते, ते आकाराने खऱ्या यंत्राच्या निम्मे असावे लागते. त्यावर आपल्या उमेदवाराचे नाव, क्रमांक व चिन्ह दाखविता येते. सभेत हजारो लोक ऐकतात. पारावर किंवा आठवडी बाजारात नमुना यंत्रावर बोट ठेवणारा मतदार मात्र प्रत्यक्ष कृती शिकतो.

आधी ऐकणे: कार्यकर्त्याने घरभेटीत ‘आपले चिन्ह माहीत आहे का’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. दोन्ही चित्रे समोर ठेवून ‘यांतले आपले कोणते’ असे विचारल्यास खरा संभ्रम कळतो. संदेश पोहोचला की नाही, याची ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

वेळेचे नियोजन: २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि प्रचार १८ नोव्हेंबरला थांबला. मुक्त चिन्ह कोणाला मिळाले हे कळल्यानंतर तुलनात्मक संदेशासाठी जेमतेम दोन आठवडे हाती होते. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गाव सोडतात. मतदानासाठीच परतणाऱ्या अशा मतदारांपर्यंत शेवटच्या आठवड्यातील प्रचार पोहोचत नाही. त्यांच्यासाठी आधीच संपर्क साधावा लागतो.

आघाडीचा समान संदेश: लोकसभेला एक व विधानसभेला दुसरे चिन्ह असेल, तर मित्रपक्षाच्या कार्यकर्त्यांनीही नवे चिन्ह सांगणे आवश्यक ठरते, अन्यथा जुनी सवय नव्या संदेशावर मात करते.

कायदेशीर चौकट

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेता येत नाही. कलम १३० नुसार मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे. कलम १२७ अ नुसार प्रचारपत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. मतदानाच्या दिवशी पक्षांनी दिलेल्या अनधिकृत ओळखचिठ्ठ्या पांढऱ्या कागदावर असाव्या लागतात आणि त्यांवर उमेदवाराचे नाव, पक्ष किंवा चिन्ह छापता येत नाही. त्यामुळे चिन्हाविषयीचा संभ्रम मतदान केंद्राच्या दारात दूर करण्याची सोय पक्षाला नसते.

मत दिल्यानंतर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे अनुक्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. यंत्राने मत योग्य नोंदविले की नाही, हे तिच्यावरून कळते. पण मतदाराने स्वतःच चुकीचे बटण दाबले असल्यास ते मत बदलता येत नाही.

व्यापक महत्त्व

प्रतिस्पर्ध्याच्या नावाशी किंवा चिन्हाशी साधर्म्य असलेले उमेदवार उभे राहण्याचे प्रकार भारतात अनेक निवडणुकांत दिसले आहेत. मुक्त चिन्हांची यादी व त्यांची भाषांतरित नावे तपासण्याची जबाबदारी आयोगाची आहे; पण आयोगाचा निर्णय पक्षाच्या हातात नसतो, संदेश असतो. ग्रामपंचायत, नगरपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा अशा निवडणुकांत आघाड्या व चिन्हे वारंवार बदलत असताना, मतदाराने ठरविलेले मत आणि यंत्रात नोंदले गेलेले मत एकच असावे, ही लोकशाहीची किमान अपेक्षा आहे. ती पूर्ण करणे हा मतदारसंवादाचा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.