मुंबईची युद्धनौका, सोलापूरचे सूत

मुंबईत वाडिया घराण्याने सागवानातून बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही शिडाची युद्धनौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली असून, समुद्रापासून दूर सोलापुरात बसूनही आराखड्यावरून तिची लाकडी प्रतिकृती घडवता येते. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट असल्याने, मूळच्या ९६ इंचांस १ इंच हे प्रमाण धरल्यास ती जेमतेम १९ इंच भरते. मात्र लाकडाचे रेषे प्रमाणात लहान होत नसल्याने सागवान येथे भरड दिसते आणि बारीक पोताचे हेदूचे लाकूड सरस ठरते. आधी पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि त्यावर वांक, म्हणजे फासळ्या, उभारल्या जातात. खरी कसोटी फळ्यांची: नौकेचा घेर मध्यभागी मोठा व नाळेकडे, म्हणजे पुढील टोकाकडे, लहान असल्यामुळे प्रत्येक पट्टी निमुळती तासावी लागते, अन्यथा पट्ट्या एकमेकींवर चढतात. दोरखंडांसाठी सुती धागा चालतो (त्याची सोलापुरात वानवा नाही), परंतु त्याची लव या प्रमाणात फारच ठळक दिसत असल्याने तो मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घ्यावा लागतो.