मीठ, लोखंड आणि आपला कोरडा उन्हाळा

गंज हा विषय जळगाव-धुळ्याच्या मंडळींपुढे मांडावा याचे काहींना नवल वाटेल. समुद्रकाठी होडी पाण्यात सोडण्यासाठी व बाहेर काढण्यासाठी कित्येक ठिकाणी चाकांचा लोखंडी गाडा वापरतात. तो होडीबरोबर खाऱ्या पाण्यात उतरतो, आणि निगा राखली नाही तर थोड्याच वर्षांत त्याच्या लोखंडाचे पापुद्रे सुटू लागतात. हे दुखणे किनाऱ्यावरच्या लोकांचे. आमच्या वाट्याला तापी-गिरणेचे गोडे पाणी आणि वैशाखातला कोरडा वारा, असे आपण म्हणतो.

पण आपल्याच घरातल्या कूलरची टाकी हंगाम संपल्यावर पाहावी. पाणी उडून गेलेले असते. पाण्यातले क्षार मात्र मागे राहून तळाशी पांढरा थर धरतात, आणि रंग उडाला असेल तेथे त्या थराखाली पत्रा खाल्लेला दिसतो. क्षाराला समुद्रच लागतो असे नाही.

गंज चढतो म्हणजे काय होते? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की लोखंड झिजून त्याचा तांबूस भुगा होतो. ही क्रिया विजेच्या बॅटरीसारखी चालते. शुद्ध पाण्यातून वीज कष्टाने वाहते. मीठ मिसळले की ती सहज वाहू लागते, आणि मिठातला क्लोराइड लोखंडावरचे पातळ संरक्षक पटल फोडतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडाहून पुष्कळ अधिक जागा लागते. म्हणून रंगाला फोड येतात आणि नट-बोल्ट फुगून जागीच अडकतात.

आता रावेर, यावल, चोपडा या केळीच्या मुलखाकडे वळू. केळीला पोटॅश भरपूर लागते. बाजारात मिळणारे नेहमीचे पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या खायच्या मिठाचे सख्खे भावंडच. त्याची पोती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेतावर जातात, एखादे फाटते, आणि सांडलेले खत पत्र्याच्या सांध्यांत व फाळक्याच्या बिजागरीत जाऊन बसते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पोटॅश मात्र एक लिटर पाण्यात ३०० ग्रॅमहून अधिक विरघळते. ट्रॉलीच्या सांध्यात अडकलेला ओला थेंब समुद्राहूनही कितीतरी खारा असू शकतो, तो असा.

आणि येथेच आपला उन्हाळा फसवतो. चैत्र-वैशाखात हवा कोरडी असते, खत सुके पडून राहते, गंज जणू झोपलेला असतो. मालक म्हणतो, ट्रॉली ठणठणीत आहे. मृगाचा पहिला ओलावा आला की ते खत हवेतले पाणी ओढून पाझरू लागते आणि झोपलेला गंज जागा होतो. म्हणून ट्रॉली धुवायची ती पावसाळ्यापूर्वी, आणि पुढेही खताच्या प्रत्येक खेपेनंतर. पाऊस धुऊन काढील या भरवशावर राहू नये. आधी सुके खत झाडून काढावे, मग गोड्या पाण्याने खालची बाजू, सांधे आणि पोकळ चौकटीची आतली बाजू धुवावी. चौकटीत साचलेले पाणी निघून जाण्यास खाली भोक असावे, आणि ट्रॉली तोंड किंचित वर करून उन्हात वाळवावी.

कोणी म्हणेल, जळके ऑइल फासले की झाले. परंतु आधी न धुता फासलेले ऑइल किंवा रंग क्षाराला झाकून ठेवतो, घालवत नाही. धुऊन, वाळवून, तारेच्या ब्रशाने गंज खरवडून मगच प्रायमर आणि रंग द्यावा. जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट थोडे महाग पडतात, पण जस्त स्वतः झिजून लोखंड राखते. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांच्या तळाचे तांबे वाचविण्यासाठी हीच युक्ती सुचविली होती.

सर्वांत जपायचे ते चाक. लांबच्या खेपेनंतर चाकाचा हब तापलेला असतो. तशा स्थितीत ट्रॉली नाल्यात उतरवली किंवा त्यावर नळी सोडली, तर आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढते. ग्रीस दुधाळ होते, बेअरिंगला गंज धरतो. तेव्हा चाक निवू द्यावे, मग धुवावे. वर्षातून एकदा जॅकवर उचलून चाक हाताने फिरवावे. खरखर ऐकू आली किंवा चाक हलले, तर बेअरिंग उघडून जुने ग्रीस पुसून नवे भरावे. पूर्वी बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. गाडीवान वाटेत थांबून आखाला वंगण घालीत असे. बेअरिंग आली आणि ती सवय सुटली, हे चांगले झाले नाही.

आपण शहरात राहणारे. ट्रॉली आपली नाही, असे म्हणून चालायचे नाही. तीच ट्रॉली रात्री महामार्गावर आपल्या पुढे चालते, तिच्यातून मजूर घरी परततात, वऱ्हाडही जाते. गंजलेली जोडणीची पिन तुटली किंवा चाक निखळले, तर किंमत लोखंडाची राहत नाही, माणसांची होते. खेड्यात आपले भाऊबंद, सोयरे आहेत. त्यांच्या अंगणात ट्रॉली उभी असेल, तर या उन्हाळ्यात एकदा खाली वाकून तिचा तळ पाहावा. दोन बादल्या पाणी आणि अर्धा तास, एवढेच आमचे मागणे आहे.