मशीनसमोर शहाणं होणारं हृदय

रात्रीचं जेवण जरा जड झालेलं असतं. डाव्या कुशीवर वळावं आणि छातीत मासोळीने उसळी मारावी तसं होतं. मनगटावर बोट ठेवलं तर दोन ठोके चटचट, मग रिकामी जागा, मग एक दांडगा, मग बारीक तीन-चार, मोजता मोजता हातून निसटणारे. पस्तिशीतल्या माणसाने हे घरात सांगितलं की आधी ओवा पुढे येतो, मग जागरणांवरून बोलणी. सकाळी दवाखान्यात ई.सी.जी. काढावा तर पट्टी अगदी गुणी! डॉक्टर म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." एट्रियल फिब्रिलेशन, दवाखान्याच्या बोलीत ए.एफ., तरुणपणी बहुधा असंच झटक्याझटक्याने येतं. सात दिवसांच्या आत आपण होऊन थांबणाऱ्या या प्रकाराला पॅरॉक्सिस्मल म्हणतात. मीही याच पंगतीतला. आमच्यासारख्यांची निम्मी शक्ती झटका मशीनवर पकडण्यातच खर्ची पडते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडने इशारा द्यावा आणि बाकीच्यांनी तो पाळावा, हा शिरस्ता. ए.एफ.मध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० इशारे सैरावैरा धावतात. कप्पे नीट आवळले जात नाहीत, नुसते थरथरतात. मधला ए.व्ही. नोड त्यातले बरेचसे अडवतो. तरीही खालच्या कप्प्यांचे ठोके मिनिटाला शंभर ते पावणेदोनशे, तेही वेडेवाकडे पडत राहतात. मग एरवी सहज चढणाऱ्या जिन्यावर मध्येच कठडा धरून थांबावं लागतं.

गंमत अशी, की १९०६ साली हॉलंडमधल्या लायडनमध्ये विलेम आइंटहोव्हेन यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णांचे ठोके टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणून नोंदवले होते, आणि त्यांत असे बेताल ठोकेही होते. आज तेच काम मनगटावरचं घड्याळ करतं. अमेरिकेत सुमारे ४ लाख १९ हजार लोकांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभरात अर्ध्या माणसालाच घड्याळाने 'ठोके अनियमित' असा इशारा दिला. इशारा मिळालेल्यांना नंतर छातीवर चिकटवायची नोंदपट्टी पाठवली. ज्यांनी ती लावून परत केली, त्यांच्यातल्या सुमारे एकतृतीयांश लोकांतच ए.एफ. दिसलं. बाकीच्यांना घड्याळाने फसवलं असं लगेच म्हणता येत नाही. पट्टी लावली त्या आठवड्यात हृदय शहाण्यासारखं वागलेलं असू शकतं. म्हणून झटका आला की फोनला जोडायच्या साधनावर तीस सेकंदांची नोंद काढावी, नाहीतर सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत जाऊन "आत्ताच्या आत्ता ई.सी.जी. काढा" म्हणावं. संकोच करू नये.

निदान झालं की आपल्याकडे पहिला प्रश्न झडपेचा. लहानपणी घसा धरून आलेला ताप, मग सुजलेले सांधे, आणि पुढे वीस-तीस वर्षांनी आकसलेली मायट्रल झडप, ही ऱ्हुमॅटिक आजाराची वाट भारतात अजून बंद झालेली नाही, आणि ए.एफ. तरुणपणी गाठण्याचं ते इथलं एक मोठं कारण आहे. टू-डी इको टाळू नये तो यासाठी. झडप अशी आकसलेली असेल, तर गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका वय बघत नाही. रक्त पातळ करणारी गोळी घ्यावीच लागते. तीही वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल ही जुनी. रिव्हरॉक्सबान या नव्या गोळीशी तिची तुलना करणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऱ्हुमॅटिक रुग्णांसाठी जुनीच सरस ठरली. तिच्यासोबत आय.एन.आर.ची, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं याची, तपासणी आली, आकडा साधारण २ ते ३मध्ये राखणं आलं. पालक-मेथी सोडायची गरज नाही, प्रमाण मात्र रोज साधारण सारखं हवं. आणि मूल हवं असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण वॉरफरिनने गर्भाला अपाय होऊ शकतो.

झडप धड, रक्तदाब-मधुमेह नाही, वय कमी, असं असेल तर पक्षाघाताच्या धोक्याचं गुणपत्रक जवळजवळ कोरं येतं, आणि बहुतेकांना रक्त पातळ करणारी गोळी कायमची लागत नाही. गडबड इथेच होते, असं मला वाटतं. डॉक्टरांच्या लेखी काम संपतं, आणि रुग्णाच्या डोक्यात मात्र उद्याचा प्रवास, परवाचं प्रेझेंटेशन आणि रात्री एकट्याने झोपण्याची धास्ती तशीच राहते. त्या धास्तीखेरीजही दुर्लक्ष न करण्याला कारण आहे. १९९५ मध्ये मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी बकऱ्यांच्या हृदयात मुद्दाम ए.एफ. चालू ठेवलं, तेव्हा सुरुवातीला काही सेकंदांत थांबणारे झटके दिवसेंदिवस लांबत गेले. हे दुखणं स्वतःच स्वतःची मुळं रुजवतं.

त्याला खतपाणी कोण घालतं, हेही बरंचसं ठाऊक आहे. थायरॉइडची तपासणी पहिल्या खेपेलाच व्हावी. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं याकडे घरातलं कुणीतरी लक्ष वेधतं. ते हसण्यावारी नेऊ नये. दारूबद्दल तर २०२० मधली ऑस्ट्रेलियातली चाचणी बोलकी आहे: नेहमी पिणाऱ्या १४० जणांपैकी ज्यांना सोडायला सांगितलं, त्यांच्यातल्या ५३ टक्क्यांना पुन्हा ए.एफ. आलं, चालू ठेवणाऱ्यांमधल्या ७३ टक्क्यांना. ॲडलेडमध्ये स्थूल रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा दहा टक्के वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांचं हृदय तालात राहण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. व्यायाम हवाच, पण वर्षानुवर्षं टोकाची शर्यत धावणाऱ्यांमध्ये ए.एफ. वाढलेलं आढळतं, हे मॅरेथॉनवेड्या मित्रांना पटत नाही.

झटके विरळ असतील आणि हृदयाची रचना ठीक असेल, तर काहींना फ्लेकेनाइड किंवा प्रोपाफेनोन ही ताल सावरणारी गोळी खिशात ठेवून लागेल तेव्हाच घ्यायला देतात. २००४ च्या इटालियन अभ्यासात असे ९४ टक्के झटके गोळीने मोडले. पहिला डोस मात्र हॉस्पिटलच्या देखरेखीखाली, मनाने कधीच नाही. छातीत दुखलं, भोवळ आली, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर गोळी शोधत बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

झटके वाढले की ॲब्लेशनचा विषय निघतो. १९९८ मध्ये बोर्दोच्या मिशेल आयसागेर यांनी दाखवलं, की खोडी काढणाऱ्या ठिणग्या बहुतांश फुप्फुसांतून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उडतात. म्हणून मांडीतल्या शिरेतून नळी नेऊन त्या तोंडांभोवती उष्णतेने, थंडीने किंवा आता विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी व्रणांचं कुंपण घालतात. हे कुंपण कधीकधी एका जागी फुटतं आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं. हे आधीच विचारून घ्यावं. पहिले दोन-तीन महिने ठोके चुकले तर ॲब्लेशन फसलं असं धरत नाहीत, व्रण भरत असतात. एवढा काळ रक्त पातळ करणारी गोळी कोऱ्या गुणपत्रकवाल्यालाही घ्यावी लागते, आणि त्यानंतर ती चालू ठेवायची की नाही, हे नाडी किती सरळ लागते यावरून ठरत नाही, त्या गुणपत्रकावरूनच ठरतं.