बाळाचं हृदय आणि आईवरचा आळ

बाळाच्या हृदयाला छिद्र निघालं की फैजपूर काय आणि यावल काय, उलटतपासणी होते ती आईची. ग्रहणात काय चिरलं होतंस? भरला हंडा उचललास का? ओली बाळंतीण हे ऐकून घेते आणि तिला ते खरंही वाटू लागतं.

ग्रहणाचा इथे काडीचा संबंध नाही. गर्भाचं हृदय तिसऱ्या आठवड्यापासून घडू लागतं आणि आठव्यापर्यंत त्याचे कप्पे तयार होतात. कित्येकींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते. सातव्या महिन्यातल्या हंड्याने त्यात भोक कसं पडेल? हजार जन्मांत आठ-नऊ बाळांना असा दोष असतो आणि बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही.

आईच्या तब्येतीचे काही धोके मात्र खरे आहेत: गर्भारपणाआधीपासूनचा, ताब्यात नसलेला मधुमेह, दारू, फिटची किंवा मुरमांची काही औषधं. फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मूल हवं असेल तेव्हाच डॉक्टरांकडून बदलून घ्या. पहिल्या तिमाहीत रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय तिन्ही बाधित होऊ शकतात. रुबेला आणि जन्मजात मोतीबिंदूचा संबंध ऑस्ट्रेलियाच्या नॉर्मन ग्रेग यांनी 1941 साली दाखवला. त्यांतल्या बऱ्याच बाळांचं हृदयही सदोष होतं. रुबेलाची लस गर्भारपणात चालत नाही, आधीच घ्यावी लागते. नात्यातल्या लग्नानेही धोका वाढतो, आणि ते लग्न काही एकट्या आईने ठरवलेलं नसतं.

‘सोनोग्राफी नॉर्मल होती’ म्हणून निर्धास्त राहू नये. काही दोष तिथे दिसत नाहीत. आईला मधुमेह असेल किंवा घरात आधी कुणाला असा दोष असेल, तर अठरा ते बावीस आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची वेगळी इको तपासणी करतात.

बाळ निळं पडलं तरच हृदयरोग, हा समज सर्वांत घातक. मोठं छिद्र असलेलं बाळ गोरंगोमटं दिसू शकतं. त्याला पाजताना बघा: चार घोट ओढतं, दमून थांबतं, पुन्हा ओढतं, थंडीतही कपाळ घामाने डबडबतं, बरगड्यांखाली खड्डा पडतो. वजन भरत नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. लहान छिद्रं आपोआप बुजतात हे खरं, पण मोठं छिद्र तसंच ठेवलं तर फुप्फुसांतला दाब कायमचा वाढतो आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. दोष आढळलेल्या मुलांची शस्त्रक्रिया त्यातून मोफत होते. पण पिताना घामाघूम होणाऱ्या तान्ह्याला घेऊन पथकाची वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.