आकड्याला टांगलेला ऋतू

लोणंदच्या बाजारात मुरलेला व्यापारी काट्याआधी आपल्या अंगठ्याला विचारतो. शेवटच्या बरगडीमागे, कण्याच्या कडेला तो दाबून बघतो. हाडाची टोकं टोचली की भाव घसरतो, बोटाला मऊ लागलं की चढतो. पशुशास्त्रात याच चाचपणीला १ ते ५ असे गुण देतात.

दख्खनी मेंढराची ही पाठ बारा महिने सारखी राहत नाही. पावसाळा सरताना माळावर गवत असतं, तेव्हा ती भरते. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे चाऱ्यामागे चालू लागतात आणि उन्हाळ्यात पायपीट वाढते, चारा आटतो.

केंब्रिजच्या जॉन हॅमंड यांनी १९३२च्या ग्रंथात मेंढीच्या वाढीचा क्रम मांडला: आधी हाड, मग मांस, शेवटी चरबी. उपासमारीत हाच क्रम उलटा फिरतो. शेवटी आलेली चरबी आधी जाते, मग मांस झिजतं, हाड बहुतेक तसंच राहतं. चरबी वगळली तर उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणीच असतं. त्यामुळे चरबी गेली की सोललेल्या धडात पाण्याचा आणि हाडांचा वाटा आपोआप वाढतो. मे महिन्यात रश्श्यावर तवंग आला नाही, की घरोघरी बोल मात्र मसाल्याला लागतो!

पहिल्या पावसानंतर काटाही फसवतो. उपाशी मेंढरू कोवळ्या गवतावर तुटून पडतं. त्या गवतात बहुतांश पाणीच. काही दिवसांत वजन वाढलेलं दिसतं, पण ते पोटातल्या ओल्या चाऱ्याचं. शिवाय उपासात आक्रसलेली आतडी आणि यकृत आधी पूर्ववत होतात. मग मांस भरतं, चरबीला आणखी वेळ लागतो. खाटकाने आतडी-कोथळा काढून धड आकड्याला टांगलं, की वाढलेल्या किलोंपैकी किती खरे होते ते कळतं.

स्कॉटलंडमधली सोए जातीची मेंढी याहून चमत्कारिक. पुढ्यात हवा तेवढा चारा टाकला तरी हिवाळ्यात ती कमी खाते. संशोधकांनी बंद गोठ्यात दिव्यांनी दिवस लहान-मोठा केला, तशी तिची भूकही काही आठवड्यांनी बदलली. तिथे ॲबर्डीनला वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात सुमारे अकरा तासांचं अंतर पडतं. साताऱ्याकडे ते जेमतेम दोन तासांचं, त्यामुळे इथल्या कोकराच्या अंगावरची चरबी मुख्यतः पाऊस आणि चाराच ठरवतात.