व्हिंटेजचा कायदा आणि ताडपत्रीखालची मर्सिडीज

कोरमंगला येथील एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली १९७१ ची मर्सिडीज उभी आहे. मालकीणबाई ती विकायला राजी आहेत.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन वा दुरुस्तीपुरतीच. भाजी आणायला नव्हे. ही अट मला रास्त वाटते. अडते ते पुढे: चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. पेट्रोल महागल्यावर अनेकांनी अशा गाड्यांत डिझेल इंजिने बसवली. टंचाईतली ही तडजोडही देशाच्या मोटार-इतिहासाचाच भाग. नियमाला ती दिसत नाही.

इंजिनाचा क्रमांक आरसी पुस्तकाशी जुळला, तरच बयाणा देईन.